मे महिन्यातली शाल

जळगावात मे महिन्यात शाल पांघरून बसणारा माणूस एकतर साधू असतो नाहीतर आजारी. माझ्या वडिलांना आम्ही सगळे बरेच दिवस साधू समजत होतो.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहान गावात आमची शेती आहे. आबांचं शिक्षण चौथीपर्यंत, आईचं तेवढंही नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आता मी जळगावात एका शाळेत विज्ञान शिकवते आणि पिंप्राळ्यात राहते. हे सगळं आबांच्या तोंडामुळे झालं, असं मी नेहमी सांगते. तोंडामुळे म्हणजे अगदी शब्दशः. मी बारावी झाले तेव्हा पारावर एकाने आबांना विचारलं होतं, "पोरले शिकाडीसन काय कलेक्टर करशी का?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आबा म्हणाले, "तुन्हा पोऱ्या दोनदा नापास व्हयना, तवय मी इचारं का तुले?" त्यानंतर गावात कुणी माझ्या कॉलेजचा विषय काढला नाही. आबांच्या उत्तराच्या पुढे जाऊन प्रश्न विचारणं कुणाला जमायचं नाही, इतकं ते झटपट बोलत.

तेच आबा पुढे पुढे हळू झाले. काही विचारलं की समोर बघत राहायचे. मग खाकरायचे. मग परत बघत राहायचे. शेवटी एखादा शब्द यायचा, तोही जाड आवाजात. गावाला वाटलं, वयाने माणूस गंभीर झाला. भाऊबंदांची भांडणं त्यांच्याकडे येऊ लागली. माझा एक चुलतकाका आणि त्याचा सख्खा भाऊ यांच्यात शेताच्या बांधावरून वाद होता. दोघंही आबांसमोर येऊन बसायचे. आबा दोघांकडे आळीपाळीने बघायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. इतकं बघून घेतल्यावर दोघांनाही आपापली लाज वाटायची आणि दोघं उठून जायचे. "भाऊ बोलत नही, पन बठ्ठं समजस त्यास्ले," असं चुलतकाका आबांबद्दल सांगत फिरायचा.

उन्हाळ्यातही आबांना थंडी वाजू लागली तेव्हा तर देवपणाचा शिक्काच बसला. "त्यास्ले उन लागत नही," असं आई शेजारणींना अभिमानाने सांगायची. मी विज्ञानाची शिक्षिका. दरवर्षी दहावीच्या वर्गात गळ्यातल्या अवटू ग्रंथीचं चित्र फळ्यावर काढते. ही ग्रंथी मंदावली तर माणूस सुस्त होतो, त्याला थंडी सहन होत नाही, बोलणं जड होतं, हे मुलांकडून पाठ करून घेते. अवटू म्हणजे आपण सगळे जिला थायरॉईड म्हणतो तीच. एवढंच कशाला, बाळंतपणानंतर माझीही ग्रंथी मंदावली आणि तेव्हापासून मी रोज सकाळी एक बारीकशी गोळी घेते. तरीसुद्धा सुटीत गावी गेल्यावर शालीतले आबा बघून मला काय वाटायचं? किती शांत झाले आहेत आबा, असं वाटायचं.

मग एका दुपारी आबांच्या छातीत दुखलं. गावातल्या लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. तिथे डॉक्टरांनी अडलेल्या नळीत एक स्टेंट बसवला आणि आबा वाचले. पुढची तपासणी जळगावात करता येईल म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणलं. आई गावीच राहिली, कारण आमची म्हैस तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. "त्यास्ले तू संभाळ, म्हैसले मी संभाळस," असं आईने फोनवर सांगितलं. आवाजावरून तिला आपला वाटा जड आहे असं वाटत होतं.

मुलीच्या घरी राहायचं म्हणून आबा आधीच अवघडलेले. त्यातून समोर जावई. माझे यजमान स्वभावाने अगदी साधे आहेत, पण आबांच्या लेखी जावई म्हणजे जावई. ते हॉलमध्ये पेपर वाचत असले की आबा दारात उभे राहायचे. "बसा ना आबा" असं दोनदा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत.

जळगावच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. बाहेर डांबर पातळ झालेलं, रिक्षाचं सीट भाजत होतं, आणि आबा शाल पांघरून डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टरांनी हृदयाचे कागद बाजूला ठेवले.

"आबा, ही शाल कशासाठी?"

आबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी वाट बघितली. पंख्याचे बरेच फेरे झाले.

"थंडी," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांचा गळा चाचपला, नडगीवर बोट दाबून सूज बघितली, कोरड्या कातडीवरून हात फिरवला आणि रक्त तपासायला सांगितलं. त्यांचा माझ्यावर फार विश्वास, कारण मी शिक्षिका आहे हे त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, हार्ट ॲटॅकनंतर काही दिवस शरीर स्वतःहूनच थायरॉईडचं संप्रेरक कमी करतं. तो आकडा फसवा असू शकतो. म्हणून आज एकदा बघू आणि काही आठवड्यांनी परत बघू." परत बघितलं, तेव्हाही तेच. टीएसएच नावाचा, ग्रंथी मंदावली की वाढणारा आकडा खूप वर गेलेला आणि संप्रेरक खाली. डॉक्टर म्हणाले, "हा ॲटॅकचा परिणाम नाही, हा जुना आजार आहे. ॲटॅकनंतर ज्यांची ही पातळी खालीच राहते, त्यांना पुढे त्रास जास्त होतो असं दिसतं. थोडीशी कमतरता असेल तर गोळीने हृदयाला फायदा होतोच असं मी सांगणार नाही. पण यांची थोडीशी नाही. यांना गोळी द्यावीच लागेल, आणि तीही अगदी कमी मात्रेने सुरू करून."

मी सांगितलं, "आबांना समजेल असं सांगा."

डॉक्टरही शेतकऱ्याच्याच घरचे असावेत. ते म्हणाले, "आबा, विहिरीवरची मोटर जळाली होती. आपण वायंडिंग भरलं. पण तुमच्याकडे व्होल्टेजच कमी येतंय. आता व्होल्टेज वाढवायचं, पण एकदम वाढवलं तर?"

या प्रश्नाला मात्र आबांनी वेळ लावला नाही. "परत जळी," ते म्हणाले.

"म्हणून हळूहळू. रोज सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर तासभर चहा नाही."

बाहेर आल्यावर आबांनी औषधाच्या दुकानातून मिळालेली बाटली हातात फिरवली. ही गोळी पाकिटात नाही, लहानशा बाटलीत येते. तशीच एक बाटली माझ्या स्वयंपाकघरात खिडकीत असते, हे त्यांनी बघितलेलं होतं.

"हाई तुन्ही गोळी शे," आबा म्हणाले.

"तीच शे, आबा. तुम्हले बी थायरॉईड शे."

आबांनी बाटली खिशात खोल सारली. रिक्षा पुलावर आली तेव्हा हळूच म्हणाले, "हाऊ बायास्ना आजार शे. गावमा सांगू नको."

मी त्यांना समजावलं. बायकांना जास्त होतो हे खरं, पण पुरुषांनाही गळा असतो आणि गळ्यात ग्रंथी असते. पुस्तकात तिला अवटू म्हणतात, असंही सांगितलं. हा शब्द त्यांना जरा बरा वाटला. "हाई चांगलं शे," म्हणाले, "अवटू." पण बाटलीवर अवटू लिहिलेलं नव्हतं.

हार्ट ॲटॅकबद्दल मात्र त्यांना काही लाज नव्हती. तो पुरुषाला शोभणारा आजार. गावाकडून पॅसेंजरने भेटायला येणाऱ्यांना ते छातीवर हात ठेवून, कळ कुठून निघाली आणि कुठे गेली ते सावकाश सांगायचे. लोक बिस्किटांचे पुडे आणायचे, ऐकून माना डोलवायचे. पाहुण्यांची चाहूल लागली की खिडकीतली एक बाटली नाहीशी व्हायची. एकदा मला माझीच बाटली दोन दिवस सापडली नाही. आबांनी घाईत दोन्ही लपवल्या होत्या. शेवटी त्या तांदळाच्या डब्यात मिळाल्या.

मी रोज पहाटे त्यांच्या हातावर गोळी ठेवायची. सोबत पाण्याचा ग्लास. हॉलमध्ये जावई योगासनं करत असायचे. आबा मूठ मिटायचे.

"दात घशीसन लिसू."

मग दात घासून ते फिरायला निघायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. परत आले की मी विचारायची, "लिधी का आबा गोळी?"

"लिधी ना व माय."

ते खोटं बोलत नव्हते, हे मला नंतर कळलं.

दोन महिन्यांनी रक्त परत तपासलं. आकडा जेमतेम हलला होता. शाल तशीच, सूज तशीच, बोलणं तसंच. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "उपाशीपोटीच घेतात ना?" मी तिन्ही वेळा हो म्हटलं आणि वर सांगितलं, "मी स्वतः हातावर देते." डॉक्टर कपाळ चोळत राहिले. "म्हणजे मात्रा वाढवावी लागेल. पण हृदय अजून नाजूक आहे. वाढवायची मला भीती वाटते, आणि न वाढवता असं ठेवायचीही वाटते." मग म्हणाले, "येत्या सोमवारी या. ईसीजी काढू आणि वाढवू. धडधड झाली, छातीत दुखलं तर लगेच धावत यायचं."

त्या आठवड्यात मी वर्गात काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढले आणि तीनच रंगवले. मला शिकवण्यासाठी गावाशी भांडणारा माणूस माझ्याच हातून मिळणाऱ्या गोळीने बरा होत नव्हता, आणि सोमवारनंतर त्याच गोळीने आणखी बिघडू शकत होता. रोज गोळी पोटात जाते आणि रक्तात उतरत नाही, हे माझ्या विज्ञानाच्या पदवीला पटेना.

रविवारी सकाळी आबा फिरायला निघाले तेव्हा मी भाजीची पिशवी घेतली आणि लांबून त्यांच्या मागे गेले. लपायची फार गरज नव्हती. आबा मागे वळून बघायला इतका वेळ लावत की तेवढ्यात मला सावकाश झाडामागे जाता यायचं.

आबा फारसं चाललेच नाहीत. चौकाच्या पुढे एका चहाच्या टपरीवर थांबले. तिथे बाकावर चार-पाच म्हातारे बसलेले. आबांना बघून सरकले, जागा केली. मी शेजारच्या भाजीच्या गाडीवर वांगी निवडत उभी राहिले. ऐकल्यावर लक्षात आलं की बाकावरचे सगळे ॲटॅकवाले आहेत.

"नवीन माणूस आलाय समोरच्या कॉलनीत," एक निवृत्त कंडक्टर सांगत होते. "दोन टाकलेत म्हणे."

"दोनच?" एक जाडसर मारवाडी गृहस्थ म्हणाले. त्यांना सगळे सेठ म्हणत होते. पुढच्या चौकात त्यांचं कापडाचं दुकान होतं. "मला तीन आहेत. बायपास म्हणत होते, मीच नको म्हटलं."

बाकावर जागा स्टेंटच्या हिशेबाने ठरत असावी. सेठ मध्यभागी, एकच स्टेंट असलेले आबा अगदी कडेला, अर्धे हवेत.

चहा आला. मग सगळ्यांनी एकदम खिशातून पुड्या काढल्या आणि गोळ्या तळहातावर पसरल्या. पंगत बसल्यासारखं. कुणाच्या चार, कुणाच्या पाच, लाल, पिवळ्या, पांढऱ्या. एकमेकांच्या हातात डोकावून बघणं चाललं होतं. आबांनीही खिशातून कागदाची पुडी काढली. हृदयाच्या गोळ्या, आणि त्यांच्या शेजारी ती बारीकशी पांढरी.

"आबा, तुमची एक वाढली वाटतं?" कंडक्टर म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. खाकरले. "पॉवरनी शे," म्हणाले आणि सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकून वरून दुधाचा गरम चहा प्यायले.

माझ्या हातातलं वांगं खाली पडलं. भाजीवाली म्हणाली, "ताई, ते आता घ्यावं लागेल."

मी ते वांगं हातात घेऊनच टपरीवर गेले.

"आबा! दूधना चहासंगे?"

सगळे कप थांबले. आबा माझ्याकडे बघत राहिले, मग सेठकडे, मग कपाकडे. "हाई मन्ही पोर," त्यांनी ओळख करून दिली. "सायन्स शिकाडस."

"ती गोळी चहासंगे चालत नही ना, आबा! चहामा ती अंगले लागतच नही. डॉक्टर उद्या गोळी वाढाडी ऱ्हायनात. वाढायेल गोळी एखादा दिन पुरी लागी गई ते काय व्हई?"

"हळू बोल," आबा म्हणाले. "आठे बठ्ठा माणसे बठेल शेतस."

"बसू द्या. मोटर परत जळी, हाई तुम्हीच सांगं व्हतं."

कंडक्टरांनी विचारलं, "कसली गोळी आहे ताई?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्या बघण्यात अख्खा गाव, चुलतकाका, जावई, पार, सगळं आलं. मला शिकवताना त्यांनी माझी लाज कधी निघू दिली नव्हती. चार लोकांत त्यांची मी कशी काढू?

टपरीवाला रिकामं पातेलं उगाच घासत राहिला. आणि मग सेठनी खाकरून घसा साफ केला. ते आपल्या तळहाताकडे बघत होते. त्यांच्या गोळ्या अजून तोंडात गेल्या नव्हत्या, आणि त्यांत एक बारीकशी पांढरी होती.

"ताई," सेठ म्हणाले, "चहासोबत लागतच नाही का?"

"नाही. उपाशीपोटी पाण्याने घ्यायची, मग तासभर काही नाही."

"अरे देवा," सेठ म्हणाले. "माझी पण तीच आहे. घरात बायकोला सांगितलंय, कॅल्शियमची आहे. दुकानात गल्ल्यामागे बाटली ठेवतो. सून म्हणते, पप्पा दिवसेंदिवस सुस्त होत चाललेत."

आबांनी हळूहळू मान वळवून सेठच्या हाताकडे बघितलं. तीन स्टेंटचा माणूस. बाकाच्या मधोमध बसणारा.

"थायरॉईड?" आबांनी विचारलं. जळगावात आल्यापासून हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला.

"थायरॉईड," सेठ म्हणाले.

"माले बी," आबा म्हणाले. आणि कडेचा माणूस सेठच्या शेजारी सरकला. कंडक्टरांना उठावं लागलं.

सोमवारी मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते इतके हसले की बाहेरचा पेशंट दार उघडून बघायला लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मात्रा आज अजिबात वाढवत नाही. आहे तीच नीट घ्या आणि परत तपासू."

त्या दिवसापासून आबा हॉलमध्ये, जावयांच्या समोर, पाण्याचा ग्लास उंच धरून गोळी घेऊ लागले. पण खरी अडचण पाहुण्यांची झाली. गावाकडची पॅसेंजर सकाळीच पोचते. दारात पाहुणा आला की आमच्याकडे आधी चहा, मग बोलणं. आबा पाहुण्याला चहा एकट्याने पिऊ देणार नाहीत, आणि पाहुणा आबांना सोडून पिणार नाही. त्यामुळे सगळेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. एकदा चुलतकाका आला. बराच वेळ झाला तरी चहा येईना, तेव्हा त्याने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "गॅस सरेल शे का व माय?"

"गॅस शे," आबा म्हणाले. "माले थायरॉईड शे. एक तास चहा भेटाव नही."

चुलतकाका घाबरला. "हाऊ ते बायास्ना..."

"सेठले बी शे. तीन टाकेल शेतस त्याले," आबांनी त्याचं वाक्य मध्येच तोडलं.

हे तोडणं माझ्या लक्षात आलं आणि मी पोळी लाटायची थांबले. आबांनी कुणाचं वाक्य तोडल्याला कितीतरी दिवस झाले होते.

पुढच्या वेळी आकडा चांगलाच खाली आला. त्यानंतरच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता झालं, हृदयही चांगलं चाललंय. गोळी सोडायची नाही, पण गावी जायला हरकत नाही." आबांच्या पायांची सूज उतरली होती. एका सकाळी उठून बघते तर कूलर चालू आणि त्याच्यासमोर आबा बनियनवर बसलेले. शाल घडी घालून माझ्या कपाटात ठेवलेली. ती तिथेच राहिली.

गावाचं मात्र थोडं नुकसान झालं. चुलतकाका आणि त्याचा भाऊ आबा परत आल्याचं कळताच बांधाचा वाद घेऊन आले. मी आबांना सोडायला गावी गेलेली, म्हणून समोरच होते. चुलतकाकाने नेहमीसारखी लांबण लावली. आबांनी त्याला निम्म्यावर थांबवलं.

"बांध तूच कोरेल शे. माले दोन वरीसपाईन माहीत शे."

चुलतकाका हादरला. "मंग तवय बोलनात काबरं नही?"

"बोली ऱ्हायन्तू," आबा म्हणाले. "तोंडथीन निंघी नही ऱ्हायन्तं."

आता कुणी आबांकडे भांडणं घेऊन येत नाही. "भाऊ जळगावले जाईसन बिघडी गयात," असं चुलतकाका सांगत फिरतो. आई म्हणते, म्हैस परवडली.

मी रोज सकाळी माझी गोळी घेते, ग्लास खाली ठेवते आणि गावी फोन लावते. पहिल्या घंटीला फोन उचलला जातो. "आबा, गोळी..." एवढंच माझ्या तोंडून निघतं.

"लिधी. पानीसंगे लिधी. तुन्ही लिधी का?" असं म्हणून ते फोन ठेवूनसुद्धा देतात. माझं वाक्य अर्धं तोंडात राहतं. ते तसंच राहू देऊन मी शाळेची पिशवी भरायला लागते.